सुरुवातीचे चित्र आणि त्यामागचा संगणक

संगणकाची कळ दाबल्यापासून नाव आणि परवलीचा शब्द विचारणारी चौकट येईपर्यंत जे अर्धे-पाऊण मिनिट जाते, त्याकडे आपण शिक्षक सहसा लक्ष देत नाही. मुले मात्र देतात. त्या वेळात पडद्यावर एखादे बोधचिन्ह येते, त्याखाली ठिपके फिरतात किंवा एखादी पट्टी भरत जाते. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात हे चित्र आपल्याला हवे ते ठेवता येते. शाळेची इमारत, शाळेचे बोधचिन्ह, गावचा किल्ला, काहीही. या लेखात परीक्षण करायचे आहे ते अशा चित्राचे, म्हणजे ते दाखवणाऱ्या ‘प्लायमथ’ या आज्ञावलीचे आणि तिच्यासाठी हौशी मंडळींनी तयार केलेल्या चित्रसंचांचे. पुस्तकाचे परीक्षण करतात, नाटकाचे करतात. मग शाळेतली मुले रोज जे पाहतात त्याचे का करू नये?

आधी ‘बूट होणे’ म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. संगणक सुरू होतो तेव्हा त्याची मुख्य स्मृती रिकामी असते. तिच्यात पहिली आज्ञावली आणायची कोणी? आणण्याचे काम करायलाही आज्ञावलीच लागते! आपल्याच बुटांचे पट्टे धरून स्वतःला वर उचलावे तसा हा प्रकार, आणि इंग्रजीतल्या तशाच वाक्प्रचारावरून हा शब्द रूढ झाला. यावरचा उपाय साखळीचा आहे. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायमची साठवलेली छोटी आज्ञावली प्रथम जागी होते. ती ‘ग्रब’ नावाच्या आज्ञावलीला उठवते. ग्रब लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणते. गाभा यंत्राची ओळख करून घेतो आणि पुढची कामे दुसऱ्या एका व्यवस्थापक आज्ञावलीकडे सोपवतो. ती डिस्कचे भाग जोडते, नेटवर्क चालू करते, छपाईची सोय करते आणि शेवटी नाव विचारणारी चौकट उभी करते. शेकडो छोटी कामे. त्यांतले एखादे अडले, तर पुढची काही थांबतात.

१९९० च्या दशकात लिनक्स वापरणाऱ्यांना ही सगळी कामे काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळींत दिसत. पुढे वरच्या कोपऱ्यात पेंग्विनही बसू लागला. एक गंमत अशी की संगणकात जितके प्रक्रियक तितके पेंग्विन रांगेत दिसत. म्हणजे ते नुसते शोभेचे चित्र नव्हते, ती मोजदाद होती. २००९ च्या मार्चमध्ये आलेल्या गाभ्याच्या २.६.२९ या आवृत्तीत तर पेंग्विनच्या जागी चोच लावलेला टास्मानियन डेव्हिल हा प्राणी बसवला होता. रोगामुळे धोक्यात आलेल्या या प्राण्याकडे लोकांचे लक्ष जावे, एवढाच हेतू. पुढच्या आवृत्तीत पेंग्विन परत आला.

चित्र बदलण्याची हौस लिनक्सपुरती नाही. ज्यांनी विंडोज ९५ वापरले आहे त्यांना ढगांचे चित्र आठवत असेल. त्या चित्राची फाइल ३२० गुणिले ४०० बिंदूंची आणि २५६ रंगांची असे, आणि तिच्या जागी स्वतःचे चित्र ठेवता येत असे. ते चित्र दिसत असताना ‘एस्केप’ कळ दाबली की चित्र बाजूला होऊन मागच्या ओळी दिसत. हे मात्र फार थोड्यांना माहीत होते. ही एस्केप कळ लक्षात ठेवा, तिचे काम पुढे आहे.

आता प्लायमथकडे वळू. रेड हॅट कंपनीतल्या रे स्ट्रोड यांनी सुरू केलेली ही आज्ञावली २००८ च्या नोव्हेंबरमध्ये ‘फेडोरा १०’ मधून प्रथम लोकांपर्यंत आली. उबुंटूने ती २०१० मध्ये घेतली. तिच्या आधी फेडोरात जी सोय होती ती नुसते चित्र दाखवण्यासाठी खिडक्यांची संपूर्ण चित्रप्रणाली आधीच सुरू करी. त्यात वेळ जाई आणि पडदा मध्येच लुकलुके. पाहुण्यांना एक कप चहा देण्यासाठी लग्नाचा मांडव घालावा, तसे ते होते. त्याच सुमारास पडद्याची बिंदुसंख्या ठरवण्याचे काम लिनक्सच्या गाभ्याकडेच आले. प्लायमथने त्याचा फायदा घेतला. गाभा पडदा तयार करतो, प्लायमथ त्यावर चित्र काढते आणि शेवटी तोच पडदा न लुकलुकता पुढच्या आज्ञावलीच्या हाती देते. ज्या यंत्रात हे जमत नाही, तिथे ती गाजावाजा न करता साध्या अक्षरांच्या पट्टीवर येते. अभियांत्रिकी म्हणून हे काम नेटके आहे, आणि ते मान्य करूनच पुढची तक्रार करायला हवी.

तक्रार समजण्यासाठी एक प्रसंग सांगतो. माहीमच्या बाजूच्या एका शाळेत दान मिळालेले काही जुने संगणक आहेत. एका माजी विद्यार्थ्याने त्यांवर लिनक्स घालून दिले आणि सुरुवातीला शाळेचे चित्र व त्याखाली फिरणारे चक्र बसवून दिले. मुलांना ते फार आवडले. काही महिन्यांनी त्यांतला एक संगणक ‘मेला’. कळ दाबली की शाळेचे चित्र येई, चक्र फिरू लागे आणि फिरतच राही. अर्ध्या मिनिटाने कोणीतरी वैतागून वीज बंद करी आणि पुन्हा चालू करी. पुन्हा तेच. शेवटी यंत्रावर कापड टाकले गेले. चित्र बसवल्यामुळेच हे झाले, अशीही चर्चा झाली.

मी गेलो तेव्हा एवढेच केले की चक्र फिरत असताना एस्केप दाबली. चित्र गेले आणि ओळी दिसल्या. शेवटच्या ओळीचा अर्थ असा होता: अमुक डिस्कची वाट पाहत आहे, मर्यादा दीड मिनिट. आणि शेजारी सेकंद मोजले जात होते. त्या यंत्रात पूर्वी दुसरी एक डिस्क होती. ती काढून दुसऱ्या संगणकात घातली गेली होती. पण सुरुवातीला कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी ज्या फाइलीत असते, तिच्यात त्या डिस्कचे नाव तसेच राहिले होते. संगणक नियमाप्रमाणे ९० सेकंद वाट पाहणार आणि मग अडचण कळवणार होता. पण ९० सेकंद थांबले कोण? चक्र फिरताना पाहून माणसाचा धीर तिसाव्या सेकंदालाच सुटतो. यादीतली ती एक ओळ काढल्यावर संगणक पहिल्यासारखा सुरू झाला. अशी डिस्क कधी असते, कधी नसते असे असेल, तर ओळ न काढता तिच्यात ‘नोफेल’ हा शब्द घालावा. मग डिस्क नसली तरी सुरुवात अडत नाही.

इथे चित्र निर्दोष होते. पण चांगला संगणक मेला असे ठरवायला तेच कारणीभूत झाले. यंत्र स्पष्टपणे सांगत होते की मला काय हवे आहे, आणि आपण त्याच्या तोंडावर शाळेचे चित्र धरले होते. बोईसरपलीकडे तारापूरला १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाले. तिथल्या नियंत्रण कक्षातल्या इशाऱ्याच्या दिव्यांवर कोणी निसर्गचित्राचा पडदा सोडला, तर आपण त्याला काय म्हणू? शाळेचा संगणक म्हणजे अणुभट्टी नव्हे हे खरे. पण वारंवार वीज तोडल्याने डिस्कवरच्या फाइली खराब होऊ शकतात, आणि त्या फाइलींत मुलांचे वर्षभराचे काम असते.

आता दोष नेमका कोणाचा? प्लायमथचा अर्धाच. तिने एस्केपची सोय ठेवली आहे. पण ती सोय आहे हे पडद्यावर कुठेही लिहिलेले नसते. दार ठेवायचे आणि त्यावर रंग देऊन ते भिंतीसारखे करायचे, असा हा प्रकार. उरलेला दोष चित्रसंच करणाऱ्यांचा. चित्र कसे हलवायचे हे सांगणारी एक छोटी आज्ञावली प्रत्येक चित्रकार लिहू शकतो. त्याच आज्ञावलीत संगणकाकडून आलेला संदेश कुठे दाखवायचा आणि परवलीचा शब्द कुठे विचारायचा, हेही लिहावे लागते. फुकट मिळणाऱ्या अनेक देखण्या संचांत चक्राच्या फिरण्यावर पन्नास ओळी असतात आणि संदेशासाठी एकही नसते. डिस्क सांकेतिक रूपात कुलूपबंद असेल, तर अशा संचापुढे बसणाऱ्याची आणखी पंचाईत होते. संगणक परवलीचा शब्द मागत असतो, पण मागणीच दिसत नाही. अशा संचाला मी सुंदर म्हणणार नाही. गजर काढून टाकलेले घड्याळ भिंतीवर शोभते, पण पहाटे उठायला ते उपयोगाचे नाही.

मात्र हेच चित्र बिघडते तेव्हा ते फार चांगला शिक्षक होते, आणि मला खरा रस त्यात आहे. नवे चित्र बसवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एकदा येणारा अनुभव असा. आपण नवा चित्रसंच योग्य जागी ठेवतो, तो निवडतो, संगणक पुन्हा सुरू करतो. बंद होताना नवे चित्र दिसते आणि चालू होताना मात्र जुनेच! इथे बरेच जण हताश होऊन सगळे पुसून पुन्हा पहिल्यापासून करतात. तसे करू नका. वर्गासमोर हा प्रश्न ठेवा. एकच संगणक, एकच निवड, तरी दोन वेळी दोन चित्रे का?

उत्तराकडे जाणारा मार्ग असा. गाभ्याला डिस्क वाचायची असते. डिस्क वाचण्यासाठी जी उपआज्ञावली लागते ती बहुधा डिस्कवरच असते. म्हणजे पेटीची किल्ली पेटीतच. म्हणून ग्रब गाभ्याबरोबर एक छोटे गाठोडेही स्मृतीत आणते. प्रवासाला निघताना बांधून दिलेली शिदोरीच ती. तिचे तांत्रिक नाव ‘इनिट्रॅमएफएस’. डिस्क हाती लागेपर्यंत गाभा या शिदोरीवर भागवतो. प्लायमथ आणि तिचे चित्र पडद्यावर लवकर यायला हवे, म्हणून तेही या शिदोरीत बांधलेले असते. आपण डिस्कवरचे चित्र बदलले, पण शिदोरी जुनीच राहिली. संगणक सुरू होताना शिदोरीतले जुने चित्र दिसते. बंद होताना मात्र डिस्क हाताशी असते, म्हणून तिच्यावरचे नवे दिसते. उबुंटू किंवा डेबियनमध्ये ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस’ ही आज्ञा दिली की शिदोरी नव्याने बांधली जाते आणि प्रश्न मिटतो.

आज्ञा कोणीही सांगेल. पण दोन चित्रांतल्या फरकावरून दोन साठ्यांचा शोध लागणे, हा वर्गात घडवण्यासारखा प्रयोग आहे. मुलांना आधी अंदाज लिहायला लावा: शिदोरी नव्याने बांधली पण संगणक एकदाच बंद-चालू केला, तर काय दिसेल? डिस्कवरचे चित्र पुसून टाकले आणि शिदोरी तशीच ठेवली, तर? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांचे चुकते. सुरू होताना चित्र दिसते, कारण त्या वेळी डिस्कवरच्या चित्राची गरजच नसते. हा प्रयोग करताना मूळ चित्राची प्रत बाजूला ठेवावी हे वेगळे सांगायला नको.

बिघाड शोधताना आणखी एक युक्ती उपयोगी पडते. ग्रबच्या यादीत लिनक्सच्या ओळीवर उभे राहून ‘ई’ कळ दाबली की गाभ्याला दिल्या जाणाऱ्या सूचना दिसतात. त्यांत ‘क्वायट’ आणि ‘स्प्लॅश’ असे दोन शब्द असतात. पहिला गप्प राहा म्हणतो, दुसरा चित्र दाखव म्हणतो. दोन्ही पुसून पुढे गेले की त्या एका वेळेपुरता पडदा पूर्ण उघडा राहतो. पुढच्या वेळी सगळे पूर्ववत. काही बिघडवण्याची भीती नाही, म्हणून हे मुलांच्या हाती द्यायला हरकत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियमही इथे आपोआप शिकवता येतो. आधी फक्त ‘स्प्लॅश’ पुसा. ओळी दिसल्या, संगणक सुरू झाला, पण चित्रासह मात्र होत नाही, असे असेल तरच चित्रावर संशय घ्या. दोन्ही प्रकारे अडत असेल, तर चित्राला सोडा आणि ओळी वाचा. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत तारांच्या टोकांवर गंज धरतो. डिस्क मध्येच दिसेनाशी होत असेल, तर आज्ञावलीआधी तिची वायर काढून घालून पाहावी.

चित्र क्षणभर चमकून जाते किंवा दिसतच नाही, ही तक्रार त्या मानाने किरकोळ आहे. नव्या डिस्कवर संगणक इतक्या लवकर सुरू होतो की चित्राला वेळच मिळत नाही. काही यंत्रांत पडदा सांभाळणारी उपआज्ञावली उशिरा जागी होते. चित्र किती सेकंदांनी दाखवायचे तो आकडा प्लायमथच्या मांडणीच्या फाइलीत बदलता येतो. पण मुद्दाम संगणक रेंगाळत ठेवून चित्र पाहणे मला पटत नाही.

मराठी शाळांना येणारी अडचण मात्र खास आपली आहे, आणि तिच्याविषयी इंग्रजी माहितीपत्रकांत फारसे सापडत नाही. शाळेचे नाव देवनागरीत लिहावे म्हणून आपण चित्रसंचात ते अक्षरांच्या रूपात टाकतो. पडद्यावर येतात रिकाम्या चौकोनांच्या रांगा. कारण पुन्हा शिदोरीच. ती लहान ठेवायची असल्याने तिच्यात टंक बांधला तर एखादाच असतो, आणि लिनक्सवर सर्रास वापरला जाणारा ‘डेजाव्हू सॅन्स’ टंक घेतला तर त्यात देवनागरी अक्षरेच नाहीत. देवनागरीचा टंक बांधून दिला तरी काम संपत नाही. ‘विद्यार्थी’ हा शब्द घ्या. त्यातली पहिली वेलांटी साठवताना ‘व’ नंतर येते, पण काढायची ‘व’ च्या आधी. ‘द्य’ हे जोडाक्षर दोन अक्षरांतून घडवायचे. रफार साठवताना ‘थ’ च्या आधी असतो आणि काढायचा असतो त्याच्या डोक्यावर, वेलांटीशी जुळवून. ही जुळणी करणारी स्वतंत्र आज्ञावली लागते, आणि संगणक पुरता जागा होण्याआधी ती हजर असेलच असे नाही. रोमन अक्षरे एकापुढे एक ठेवली की झाले; आपली लिपी एवढ्यावर भागवत नाही.

उपाय सोपा आहे. नाव आधीच चित्र म्हणून तयार करा. पूर्ण चालू असलेल्या संगणकावर सुबक टंकात ते लिहा, चित्ररूपात साठवा आणि तेच चित्रसंचात ठेवा. जुळणी आधीच झालेली असल्याने सुरुवातीला फक्त बिंदू रंगवायचे उरतात. पण यातला तोटाही ओळखायला हवा. नाव असे दाखवता येते, कारण ते ठरलेले असते. संगणकाचे बदलते संदेश असे आधी रंगवून ठेवता येत नाहीत. ते इंग्रजीतच राहतात. म्हणजे ज्या पडद्यावर शाळेचे नाव मराठीत झळकते, त्याच पडद्यामागची अडचण मराठी माध्यमाच्या मुलाला परक्या भाषेत वाचावी लागते.

तुलनेसाठी महाराष्ट्रातलेच एक उदाहरण घेऊ. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या छोट्या गावातल्या प्राथमिक शाळेत २००७ मध्ये मुलांना ‘एक्सओ’ हे हिरवे-पांढरे छोटे संगणक मिळाले. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला तो पहिला प्रयोग. त्या यंत्रांतही लिनक्सच होते आणि सुरुवातीला चित्र होते. मधोमध हातपाय पसरलेल्या मुलाची साधी खूण आणि भोवती वर्तुळात येत जाणारे ठिपके. लिपी येत नसलेल्या मुलालाही काम किती पुढे गेले ते कळावे, असे ते चित्र होते. पडद्याच्या कडेला बरोबरच्या खुणेची एक कळ होती. ती दाबून धरून संगणक सुरू केला की चित्राऐवजी सगळ्या ओळी दिसत. एकूण प्रकल्पाबद्दल मतभेद झाले, आणि ते योग्यच होते. पण या एका बाबतीत त्या रचनाकारांनी विचार केला होता. त्यांचे ठिपके नुसते फिरत नव्हते, पुढे सरकत होते. एखाद्या जागी ठिपका अडला की काम अडले हे दिसे. आपल्या शाळेच्या चित्राखालचे चक्र मात्र काम चालू असले तरी फिरते आणि अडले तरी फिरते. अशा चक्रापासून कळण्यासारखे काहीच नसते.

आपल्याच जिल्ह्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आजूबाजूच्या वस्तूंतून शैक्षणिक साधने केली. पान, बी, शिंपला हाताळताना मुलाला साधन कशाचे आहे ते समोर दिसते. संगणक तसा उघडा करणे शक्य नाही. पण सुरुवातीचे अर्धे मिनिट तरी उघडे ठेवता येते.

तेव्हा शाळेसाठी चित्र बसवणाऱ्या माजी विद्यार्थ्याला माझे सांगणे असे, की चित्र जरूर बसव, पण चक्राऐवजी भरत जाणारी पट्टी घे, संदेशासाठी खाली दोन ओळींची जागा सोड, आणि त्या चित्रातच मराठीत लिही: ‘अडले तर एस्केप दाबा.’ शिक्षकांनी संगणकाशेजारच्या भिंतीवर एक तक्ता लावावा. त्यावर नेहमी दिसणाऱ्या इंग्रजी ओळी मुलांच्याच अक्षरात लिहाव्या आणि पुढे मराठी अर्थ. ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ म्हणजे एक काम चालू आहे, शेजारचे सेकंद पाहा आणि तेवढे थांबा. ‘फेल्ड’ म्हणजे हे काम झाले नाही, त्याचे नाव वहीत उतरवून घ्या. ‘ओके’ म्हणजे पुढची ओळ वाचा.